नाव नको टाकजो

"माहं नाव टाकलं का त्याच्यात?" मावशीनं विचारलं तेव्हा तिचे दोन्ही हात कणकेत होते. होळी दोन दिवसांवर आली होती. अंगणात बाजेवर जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर सरगुंडे वाळत पडलेले. मावशी कणकेची वळी सुतासारखी बारीक करायची, काडीवर गरागरा गुंडाळायची आणि दोन बोटांत धरून अशी अलगद सरकवून काढायची की आतली पोकळी जराही दबत नसे. मी शेजारी बसून तेच करत होते आणि माझ्या काडीवर दर वेळी नुसता चुरगळा होत होता. प्रश्न तिनं मान वर न करता विचारला. मी म्हटलं, "नाही मावशी. तूच तर नको म्हटलं होतं." ती म्हणाली, "बरं."

हे 'बरं' कोणतं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

मावशी नात्यातली नव्हे. तिचं आणि माझ्या आईचं माहेर एकाच गावचं, म्हणून मावशी. तीसेक वर्षं झाली, आमच्या वावरात कापूस वेचते. आर्वीच्या बाजूचं आमचं गाव. सात एकर, त्यात चारेक एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, बाकी सोयाबीन-तूर. 'त्याच्यात' म्हणजे ज्यात तिचं नाव टाकायचं राहिलं, ते माझ्या भाच्यानं केलेलं गाणं. भाचा अमरावतीला कॉलेजात आहे. तो आणि त्याचे दोन दोस्त. एकानं शब्द लिहिले आणि गायलाही तोच, दुसऱ्यानं मोबाईलवरच कसलीशी चाल बसवली, आणि भाचा म्हणाला, डायरेक्शन मी करतो. कथा अशी की शहरात शिकणारा पोरगा दिवाळीत घरी येतो, बाप त्याला वेचणीच्या बायांवर लक्ष ठेवायला वावरात पाठवतो, आणि तिथं वेचणाऱ्या एका मुलीवरून त्याची नजर हटत नाही. चार मिनिटांचा मामला. वावर घरचं, विहीर घरची, बैलजोडी घरची. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका ओळखीच्यानं अर्ध्या दिवसासाठी ड्रोन दिला, अट एकच, शेवटी त्याच्या स्टुडिओचं नाव सगळ्यात वर आणि मोठ्या अक्षरात. सगळं होतं. फक्त मुलगी नव्हती.

मुली गावात नाहीत असं नाही. कॉलेजात जाणाऱ्याच आठ-दहा असतील. सकाळच्या एसटीत पुढच्या तीन सीटांवर त्यांचाच कलकलाट असतो. रविवारी आईसोबत वेचणीलाही येतात. त्यातल्या दोघी-तिघी वेगळ्याच नावानं रील टाकतात हे भाच्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, त्यांच्या आयांना ठाऊक नव्हतं किंवा ठाऊक नसल्याचं त्यांनी ठरवलं होतं. भाचा मला घेऊन चार घरी गेला. आत्या सोबत असली की घरचे नाही म्हणणार नाहीत असा त्याचा हिशेब. चहा चारही घरी मिळाला. एका घरी तर चिवडाही मिळाला. चौथ्या घरची बाई मला दारापर्यंत पोचवायला आली आणि हळूच म्हणाली, "बाई, पोट्टीले वावरात न्या, दिसभर कापूस येचाले लावा, मी एका शब्दानं नाई म्हननार नाही. पन मोबाईलमंधी नका टाकू व माय. उद्या पाव्हने येतीन." तिला माझ्याकडे बघवत नव्हतं. मलाही काही बोलवलं नाही, कारण ती चुकत नव्हती. पाव्हणे येतात ते आता दिवाणखान्यात बसण्याआधी मोबाईलमधून येऊन गेलेले असतात.

मला सात जणांनी पाहिलं. आकडा लक्षात राहण्याचं कारण म्हणजे आई प्रत्येक वेळी तीच जांभळी साडी काढून द्यायची आणि सातव्या वेळी तिचा काठ उसवला. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, कोणत्या कामाची आवड. वावरातली कामं येतात का, हा प्रश्न एकानं विचारला आणि मी खरं ते सांगितलं की येतात. घरी गेल्यावर त्यांनी निरोप धाडला की मुलगी रंगानं कमी आहे. आता हे सगळं हसून सांगता येतं. पुण्यात २०२५ च्या मार्चमध्ये 'स्थळ' पाहायला गेले तेव्हाही सुरुवातीला हसूच आलं. जयंत सोमलकरांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, गावातल्याच, कधी कॅमेऱ्यापुढे न आलेल्या माणसांना घेऊन केलेला सिनेमा. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ मध्ये त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळालेला. पहिल्याच प्रसंगात बाया बसल्यात आणि मुलाला समोर बसवून प्रश्न विचारतायत. थिएटर हसलं, मीही हसले. मग ते स्वप्न संपतं आणि तेच प्रश्न खऱ्या माणसांच्या तोंडून, आपल्या जागी, आपल्या सुरात सुरू होतात. माझ्या बाजूला बसलेला पोरगा दर वेळी हसत होता. त्याचं काही चुकलं नाही. त्याला पाटावर बसावं लागलेलं नव्हतं. मला त्या सिनेमातली एकच गोष्ट फार लागली: कोणीही वाईट नाही. बाप वाईट नाही, पाव्हणे वाईट नाहीत, कापसाचा भाव तेवढा वाईट आहे. आणि या सगळ्या गर्दीत त्या मुलीला कोणीतरी आवडतं, ही गोष्ट इतकी लहान होऊन जाते की ती कुठे ठेवायची हेच कोणाला कळत नाही.

तर मुलगी नव्हती. भाचा दोन दिवस तोंड पाडून बसला. मग त्यानंच तोड काढली की चेहरा दाखवायचाच नाही. पाठ दाखवू, ओढणी दाखवू, हात दाखवू. पाठीसाठी माझी सोळा वर्षांची लेक तयार झाली. ती पुण्याची, तिला पाहायला कोणी येणार नव्हतं. (तिला कोणी पाहायला येणारच नाही असं मी धरून चालले, हेही मला नंतर जरा खटकलं.) पण तिचे हात कॅमेऱ्यात घेतले तर भाचाच म्हणाला, आत्या, हे हात कापूस वेचल्यासारखे दिसत नाहीत, चिप्स खाल्ल्यासारखे दिसतात. दोन काकऱ्या, म्हणजे पऱ्हाटीच्या दोन ओळी, पलीकडे मावशी वेचत होती. तिनं ऐकलं असावं. पदराच्या झोळीतला कापूस खाली ढिगावर टाकत म्हणाली, "थोबाड काई माहं कामाचं नाई बाबू. हात पायजेन त घ्या."

त्या सकाळचं मला सगळं आठवतं. पोट्ट्यांना सातची कोवळी उन्हं हवी होती आणि सातला पऱ्हाटीवर दव असतं. ओला कापूस वेचत नाहीत. तो वजनात भरतो, पण ढिगात पिवळा पडतो आणि व्यापारी नाक मुरडतो. मावशी अडूनच बसली, की ओल्यात हात घालणार नाही, खोटं खोटंही नाही. त्यामुळे उन्हं कोवळी राहिली नाहीत. मग तिच्या मनगटावरचं गोंदण. चार ठिपके आणि एक तुळस, हिरवं आता शाईसारखं निळं झालेलं. भाच्याच्या दोस्तानं बांगड्या कोपराकडून खाली ओढून ते झाकायला पाहिलं. ती म्हणाली, "ते कायले झाकतं? येचनारनीच्या हाताले गोंदन नसते का?" दोस्त गप्प. उजव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून वाकडी, सोयाबीन सोंगताना विळा लागला तेव्हापासूनची. ती तर झाकताच येणार नव्हती. उकललेल्या बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात. हात आत जातो, पाचही बोटं एकदम मिटतात आणि पाचही पाकळ्यांतला कापूस एका झटक्यात बाहेर येतो, आत सरकीचं नखही राहत नाही. कॅमेऱ्यासाठी तिला हे सावकाश करायला सांगितलं तेव्हा तिला ते जमेचना. तीन वेळा बोटांना टोकं लागून रक्त आलं. एरवी दिवसभरात एकदा येत नाही.

मग हात हातात घेण्याचा शॉट. हिरो म्हणजे शेजारचा पोरगा, मावशीच्या नातवाच्या वर्गातला. त्यानं तिचा हात धरून त्याकडे प्रेमानं पाहायचं होतं. तो हात धरायचा आणि त्याला हसू फुटायचं. मग मावशीला. मग ड्रोनवाल्याला. दहाव्या-बाराव्या वेळी मावशी हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "माह्या मालकानं कधी असा नाई धरला रे. लग्नात धरला तो बामनानं सांगतलं म्हून." आणि त्यानंतरच्या शॉटला पोरगा हसला नाही. का ते ठाऊक नाही. तोच शॉट गाण्यात आहे.

संध्याकाळी काट्यावर मावशीचा कापूस पंचवीस किलो भरला, एरवी चाळीस भरतो. भाच्यानं तिच्या हातावर दोनशे रुपये ठेवले, म्हणाला, मावशी, हिरोईनचं मानधन. तिनं विचारलं, कशाचे? मग स्वतःच हिशेब केला, पंधरा किलो कमी, किलोला दहा, दीडशे झाले. पन्नास परत दिले. आणि डोक्यावर जळणाची मोळी घेऊन निघताना वळून म्हणाली, "नाव नको टाकजो बाबू. लोकं म्हनतीन, म्हातारी या वयात नाचते."

बाईचं सोंग बाईशिवाय आणायची ही आपल्याकडची जुनीच सोय. माझी आत्या ब्रह्मपुरीकडे दिलेली. तिकडे दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि मंडई आली की रात्रभर नाटकं. झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखाचा, तो हंगाम पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, धानाच्या कापलेल्या बांध्यांत मांडव पडतो. त्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आत्यानं फोन करून असं सांगितलं जणू घरातच मिळाली. नाटकात आता बाया असतात, पण दंडारीत, म्हणजे तिकडच्या जुन्या लोकनाट्यात, बाईचं काम पुरुषच करायचा. मी आठ-नऊ वर्षांची असताना आत्याच्या गावी दंडार पाहिली. नवऱ्याची वाट पाहणारी बाई इतकी रडली की माझ्या शेजारच्या आज्या पदर डोळ्याला लावून बसल्या. पहाटे मी लघवीला उठले तर तीच बाई मांडवामागे लुगडं टोंगळ्यापर्यंत खोचून बिडी ओढत उभी, आणि मिशीची जागा हिरवट. मला भीती वाटायला हवी होती. उलट तो माणूस मला म्हणाला, "जाय पोरी, थंडी हाय," आणि मला तो फार आवडला. त्या रडण्यावरचा माझा विश्वास त्याच्या मिशीनं जराही कमी झाला नाही.

डेटा स्वस्त झाल्यापासून, म्हणजे २०१६ नंतर, आमच्याकडची पोरं गाणी करू लागली. मी बहुतेक पाहते. भाचा पाठवतोच. खरं सांगायचं तर शंभरातली नव्वद सारखीच असतात. बुलेटवरून येणारा पोरगा, कॉलेजचं गेट, वही पडणं, आणि ड्रोन उगाच आभाळात. आपलं वावर वरून दाखवलं की ते कोणाचंही वावर दिसतं. भाच्याचं गाणंही काही फार ग्रेट नाही. चाल ऐकल्यासारखी वाटते, मधलं कडवं नसतं तरी चाललं असतं. पण अधूनमधून या पोरांच्या हातून असं काही निसटून जातं की मोठ्या पडद्याला ते साधत नाही. प्रेम म्हणजे दोघांनी एकमेकांना म्हणून दाखवायची गोष्ट, हे आमच्या गावात कोणी शिकवलेलंच नाही. सतीश मनवरांचा २००९ मधला 'गाभ्रीचा पाऊस' मी नेहमी प्रेमाचाच सिनेमा म्हणून सांगते आणि लोक माझ्याकडे विचित्र पाहतात. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिला म्हणून हादरलेली बायको आपल्या नवऱ्यावर पाळत ठेवते, लहानग्या पोराला त्याच्या मागे लावून देते. यात प्रेम कुठे, असं एका मैत्रिणीनं विचारलं होतं. आता तिला काय सांगणार? आमच्या गल्लीत त्या काळी किती बायका रात्री नवऱ्याचा श्वास ऐकत जाग्या असायच्या, ते मी पाहिलेलं आहे.

आणि 'साबर बोंडं'. नावात बोंडं वाचून मला आधी कापूसच आठवला. आमच्याकडे बोंड म्हटलं की दुसरं काही नाही. ही बोंडं निवडुंगाची. रोहन कानवडेंच्या या सिनेमाला २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांतलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील गेले म्हणून दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला शहरातला एकजण आणि गावात राहिलेला, लग्नासाठी घरचे ज्याच्या मागे लागलेत असा त्याचा लहानपणचा मित्र. मी तो पाहिला आणि घरी येऊन पहिला विचार आला तो आमच्या गावातल्या दोन म्हाताऱ्यांचा. दोघंही बिनलग्नाचे. एकाचं वावर दुसऱ्याच्या वावराला लागून, मधला धुरा, म्हणजे बांध, कधी कोरला गेला म्हणून भांडण नाही. आमच्याकडे धुऱ्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. एक गेला तेव्हा दुसऱ्यानं तेरवीपर्यंत दाढी केली नाही, आणि गाव म्हणालं, दोस्ती असावी तर अशी. गावाचंही खरंच असेल. मी काही म्हणत नाही. एवढंच की ते दोघं आता मला वेगळे आठवतात, आणि त्यांना असं आठवण्याचा मला हक्क आहे का, हे ठरत नाही.

गाणं जानेवारीत टाकलं. शेवटची नावं टाईप करायचं काम माझ्याकडे होतं, कारण पोट्ट्यांचं शुद्धलेखन. मी पुण्याला ऑफिसातून परतल्यावर रात्री बसून ती यादी केली. स्टुडिओ सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. गीत, गायन, दिग्दर्शन. विशेष आभार. 'हात' असा शब्द लिहिला, पुढे दोन ठिपके दिले आणि थांबले. नाव टाकलं तर तिचा शब्द मोडतो. न टाकावं तर ज्या चाळीस सेकंदांमुळे गाणं पाहावंसं वाटतं ती बेवारस राहतात. 'मावशी' एवढंच लिहावं असंही वाटलं, पण ते मलाच लबाडीचं वाटलं. शेवटी ती ओळच खोडली. इथंही मी तिचं नाव लिहिलेलं नाही.

तीन हजारांवर लोकांनी पाहिलं. आमच्या गावाच्या चौपट. खाली कोणीतरी लिहिलं, हिरोईन कोण आहे भाऊ, फेस दाखवा. दुसऱ्यानं लिहिलं, हात तर आजीचे दिसतात, आणि पुढे हसणारी तोंडं. भाच्याला ते लागलं. पण खरी गोष्ट झाली पानठेल्यावर, आणि ती मला भाच्यानंच सांगितली. संध्याकाळी पाच-सहा जण मोबाईलवर गाणं पाहत होते. मावसाजी, म्हणजे मावशीचे मालक, बाकावर बसलेले. त्यांना कमी ऐकू येतं, आणि दिवसाकाठी चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन बैलांशी. पोरांनी गंमत म्हणून मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर सारून पाहिलं, हातांचा शॉट आला आणि म्हणाले, "हे त आमच्या घरचे हात व्हय." कोणी सांगितलेलं नव्हतं. मावशीनं घरी एक शब्द काढलेला नव्हता. पोरं म्हणाली, कशावरून? ते म्हणाले, "तुमच्या मायचे हात तुमाले ओळखू येत नाई का?" आणि तंबाखू मळत बसले. करंगळीवरून ओळखले असतील. गोंदणावरून असतील. भाच्याला मी दोनदा विचारलं की त्यांचा चेहरा कसा होता तेव्हा. तो म्हणाला, आत्या, तसाच होता, जसा असतो.

म्हणजे होळीला ती अंगणात बसून नाव विचारत होती तोवर गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पानठेल्यावरचं बोलणं तिच्याही कानावर आलं असणारच. लोक काय म्हणतील ते म्हणून झालेलं होतं. मग नाव टाकलं का, हे कशासाठी? पडलंच नाही ना याची खात्री करायला? की आता पडलं असतं तरी चाललं असतं म्हणून? त्या 'बरं'नंतर मी म्हटलं, मावशी, टाकता येते अजून, भाच्याला सांगू का? तिनं उत्तर दिलं नाही. म्हणाली, "दाखव बरं एकडाव."

मी मोबाईल पाटाच्या कडेला टेकवून लावला. तिनं हातातली काडी सोडली नाही. गाणं सुरू झालं, ड्रोन वर गेला, माझ्या लेकीची पाठ आली. हातांचा शॉट आला तेव्हा ती जरा पुढे वाकली आणि म्हणाली, "ते मांगची काकरी राह्यलीच येचाची." पोरानं हात धरला तेव्हा काही बोलली नाही, वळी मात्र काडीवर तशीच थांबली होती. गाणं संपलं, नावं वर सरकू लागली. मावशी चौथीपर्यंत शिकलेली. तिनं कणकेच्या अंगठ्यानं पडदा दाबला, नावं थांबली, आणि काचेवर पांढरा ठसा उमटला. त्याच्या कडेनं ती एकेक अक्षर लावत वाचू लागली. वरची नावं तिनं सोडून दिली. शेवटच्या ओळीवर बोट नेलं. ती ओळ मीच टाईप केली होती, हसत हसत, पोट्ट्यांना मजा वाटावी म्हणून.

"बै-ल-जो-डी," ती म्हणाली. "प-व-ळ्या. सो-न्या."

मग माझ्या हातातली काडी घेतली, तिच्यावरचा माझा चुरगळा काढून परातीत टाकला, आणि म्हणाली, "बैलाईचं टाकलं."